रिह्यातला माउथपीस

भरे गावात मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. कंपनीत काय करता, एवढंच विचारलं. पिरंगुटच्या एका कारखान्यात धातू तपासायच्या विभागात आहे, असं मी सांगितलं. ते उठून आत गेले आणि अंगठ्याएवढं जाड, मध्ये आरपार भोकं पाडलेलं एक नळकांडं घेऊन आले.

"हे कशाचं हाय?"

मी ते उजेडात धरलं, हातात तोलून पाहिलं. वरून निकेलचा मुलामा आहे, आत बहुतेक पितळ असावं, असं म्हटलं.

"बहुतेक?"

"कापल्याशिवाय नक्की कसं सांगणार?"

हे उत्तर त्यांना आवडलं असावं. चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही, पण त्यांनी बायकोला हाक मारून, ताईंना किल्ली दे, असं सांगितलं. खोली मी अजून पाहिलीही नव्हती.

ते नळकांडं म्हणजे ट्रंपेटच्या बटणाखाली वरखाली होणारा पिस्टन होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पिस्टनविषयी बाकीचं सगळं पुढच्या चार वर्षांत कळलं. मी न विचारता.

घरमालकांना मी काका म्हणायला लागले. ते तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. भाताची थोडी खाचरं, मागे गोठा, पुढे आमच्यासारख्या नोकरदारांसाठी बांधलेल्या चार खोल्या, असा त्यांचा कारभार. तरुणपणी पुण्यातल्या एका बँडमध्ये ते ट्रंपेट वाजवत. जमीनजुमला असलेल्या घरातला मुलगा लोकांच्या लग्नात बाजा वाजवतो, म्हणून त्यांचे वडील दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नव्हते. काका सांगत, ती दोन वर्षं रियाजाला फार चांगली गेली.

घरात सात ट्रंपेट होती. ती भाताच्या कणगीशेजारी एका लाकडी पेटीत, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेली असत. मुळशीचा पाऊस चार महिने भिंतींतून घरात येतो. भाताच्या शेजारी हवा कोरडी राहते, असं काकांचं मत होतं. हे खरं की खोटं मला माहीत नाही, पण त्या घरातल्या ट्रंपेटना आंबेमोहोराचा वास यायचा, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

पितळ घासायची पावडर त्या घरात येऊ द्यायची नाही, असा नियम होता. घासलं की पितळ झिजतं, आणि एकदा झिजलेलं परत येत नाही. हा नियम ट्रंपेटपासून सुरू झाला आणि समया, तांब्या, देव, सगळ्यांना लागू झाला. घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक पाहुणीला वाटे, ही बाई आळशी दिसते. काकू एकदा मला म्हणाल्या, "देव काळं पडलं तरी चालंल, पर ह्यांचं पितळ झिजाया नको." काका चार दिवस भावाकडे गेले की काकू चिंच आणि मीठ घेऊन बसत. काका परत आले की देवांकडे बघत, मग काकूंकडे बघत, आणि जेवायला बसत.

संध्याकाळी ओट्यावर माझा वर्ग भरे. जुन्या ट्रंपेटमध्ये स्प्रिंग पिस्टनच्या खाली असे, नव्यात ती वर गेली. पिस्टन आधी मुलामा दिलेले असत. मुलामा उडाला की हवा निसटे, सूर पातळ होई. म्हणून पुढे कारखानदारांनी निकेल-तांब्याचे पिस्टन काढले, मग स्टीलचे काढले. ते झिजत नाहीत, पण काकांच्या मते त्यांना बोटाची ओळख राहत नाही. बोट टेकतं ती बटणं आधी शिंपल्याची असत, आता प्लास्टिकची. पुढचं फुलासारखं उघडणारं तोंड, त्याला काका भोंगा म्हणत, ते आधी एकाच पत्र्याचं, कारागिराने ठोकून ठोकून काढलेलं असे. आत निरखून पाहिलं तर पत्र्याचा सांधा करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. आता पत्रा यंत्रावर फिरवून काढतात, आणि सांध्याच्या जागी काही दिसत नाही. काही दिसत नाही, हे ते अशा आवाजात सांगत, जसं काही घरातून कोणी निघून गेलं आहे.

हा सांधा बघण्यासाठी त्यांनी एकदा गावातली वरात थांबवली होती. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, आणि बँडमध्ये लखलखीत ट्रंपेटवाला. काका गर्दीतून वाट काढत गेले, त्याच्या हाताला धरून वाजवणं थांबवलं आणि भोंग्यात डोकं घातलं. ढोलवाला थांबला, क्लॅरिनेटवाला थांबला, घोडाही थांबला. काकांनी डोकं बाहेर काढलं, "यंत्रावरचा हाय," असं म्हणाले आणि वरातीला पुढे जायची परवानगी दिली. नवरदेवाच्या वडिलांना वाटलं, हा कुळाचाराचा काही भाग असेल. त्यांनी काकांना नारळ दिला.

डोळ्याच्या मोतीबिंदूच्या वेळीही तेच. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितल्यावर काकांनी विचारलं, भिंग कशाचं? डॉक्टर म्हणाले, एक प्रकारच्या प्लास्टिकचं. मग आधी कशाची बसवत होते, असं काकांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ती आता कोणी वापरत नाही. काका उठले आणि घरी आले. ऑपरेशन पाच महिन्यांनी झालं, ते काकूंनी चष्मा लपवून ठेवल्यावर.

"पितळ आतनं मरतं, ताई," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. वाजवणाऱ्याच्या तोंडातली वाफ आणि लाळ पहिल्या नळीत साचते. ओठ टेकून फुंकायचा माउथपीस बसतो ती ही नळी. तिथलं जस्त हळूहळू निघून जातं आणि नुसतं ठिसूळ तांबं उरतं. बाहेर एखादा गुलाबी ठिपका दिसतो, तोवर नळी आतून संपलेली असते. आमच्या शास्त्रात याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. काका वाळवी म्हणत. मला त्यांचा शब्द जास्त बरोबर वाटतो.

दर रविवारी सकाळी ते सातही ट्रंपेट बाहेर काढत. सहा ट्रंपेटच्या पिस्टनना तेल घालून प्रत्येकावर एक लांब सूर धरत. सातव्याचे तीन पिस्टन नुसते बोटांनी दाबून बघत आणि ते परत गुंडाळून ठेवत. त्याला माउथपीस नव्हता. तो रिह्यात होता.

ही गोष्ट मला काकूंनी सांगितली, कारण काका ती सांगायला लागले की मध्येच उठून गोठ्यात जात. पुण्याच्या त्या बँडचे मास्तर फार मोठे वाजवणारे होते. त्यांचे दोन लाडके शिष्य, एक काका आणि दुसरे रिहे गावातले एक गृहस्थ. दोघं एकाच सायकलवरून पुण्याला जात. काका त्यांना रिहेकर म्हणत आणि ते काकांना भरेकर. मास्तर जाताना आपलं जुनं ट्रंपेट काकांना देऊन गेले आणि त्याचा माउथपीस रिहेकरांना. दोघांनी एकमेकांना धरून राहावं, असा बहुधा त्यांचा हेतू होता.

त्या जुन्या ट्रंपेटची नळी आजच्यापेक्षा बारीक. आजचा माउथपीस तिच्यात नखभर शिरतो आणि अडतो. त्या काळच्या माउथपीसचं टोकही तसंच बारीक, ते दुसऱ्या कुठल्या ट्रंपेटमध्ये घातलं तर खुळखुळतं. म्हणजे एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग शून्य. मास्तरांच्या तेराव्याच्या दिवशी काका म्हणाले, माउथपीस दे. रिहेकर म्हणाले, ट्रंपेट दे. त्यानंतर वीस-बावीस वर्षं दोघं तेच म्हणत होते, पण एकमेकांना नाही. निरोप पौडच्या बाजारात कोणीतरी भेटलं की त्याच्याबरोबर जाई.

मी राहायला गेल्याला तीन वर्षं झाली होती तेव्हा काकांनी मला एक विनंती केली. आमच्या विभागात पिस्तुलासारखं एक यंत्र आहे. ते धातूवर टेकवलं की आत काय काय आणि किती आहे ते कळतं. मास्तरांच्या ट्रंपेटला ते लावून बघायचं होतं. मी साहेबांची परवानगी काढली. काका शनिवारी ट्रंपेट लुगड्यात गुंडाळून कारखान्याच्या गेटवर आले आणि वॉचमनच्या खुर्चीवर बसले. भोंग्यालाच लावा, म्हणाले, नळीला नको, तिला सोसायचं नाही. त्या यंत्राने धातूला काही होत नाही, पण मी बरं म्हटलं.

आत गेल्यावर मी ते भोंग्याला लावलं, आणि नळीलाही लावलं. वस्तू अर्धवट तपासून परत द्यायची नाही, ही मला लागलेली सवय आहे. भोंग्यात तांबं भरपूर होतं, आणि जुन्या पितळेत सापडतं तसं थोडं शिसं, थोडं कथील, जरासं लोखंड होतं. नळी मात्र अगदी स्वच्छ निघाली. तांबं आणि जस्त, दुसरं काही नाही. अशी नळी आज कुठल्याही दुकानात मिळते. मी तिचं तोंड मोजलं. तेही आजच्या मापाचं होतं.

बाहेर येऊन मी काकांना भोंग्याचा कागद दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि घरी जाऊन देवाच्या तसबिरीमागे ठेवला. नळीविषयी त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

पुढे कधीतरी काकूंबरोबर तांदूळ निवडत बसले असताना मी सहज विषय काढला. काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मूळ नळी आठ-नऊ वर्षांपूर्वी वाळवीने गेली होती. हात लावला तर बोट आत गेलं. काका चार दिवस जेवले नाहीत. मग पुण्याला जाऊन गुपचूप नवी नळी बसवून आणली. ती फार चकाकत होती, म्हणून ट्रंपेट दोन महिने गोठ्यात टांगून ठेवलं. गोठ्यातल्या मुताच्या वाफेने पितळ काळं पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. "म्हशी बिचकायच्या," काकू म्हणाल्या. "तू बोलू नकोस हां कुणाला."

तेव्हा मला कळलं की काका रिहेकरांकडे इतकी वर्षं जो माउथपीस मागत होते, तो मिळाला असता तर त्यांची मोठी अडचण झाली असती. तो आता त्यांच्या ट्रंपेटमध्ये खुळखुळला असता. ते अगदी निर्धास्तपणे मागत होते.

त्याच वर्षी भाताच्या लावणीच्या सुमारास रिह्याहून फोन आला. रिहेकरांच्या सुनेचा होता. त्यांना झटका येऊन गेला होता. हातपाय वाचले, पण तोंडाची डावी बाजू उतरली होती. ओठ मिटत नव्हते. आता वाजवणं शक्य नव्हतं. भरेकराला म्हणावं ट्रंपेट घेऊन ये, माउथपीस हितं हाय, एकदा ऐकव, असा निरोप होता.

काका म्हणाले, लावणी होऊ दे. लावणी झाली. मग म्हणाले, अमावास्या जाऊ दे. मग ताम्हिणीत दरड आली होती, म्हणून नको, म्हणाले. ताम्हिणीचा घाट रिह्याच्या वाटेवर लागत नाही. हे काकूंनी त्यांना सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "मानूस गेल्यावर कुणाला ऐकवणार हाय? दरडीला?"

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दाराशी आले. ताई, तुमी आधी जाऊन बघून या, म्हणाले. माउथपीसचं टोक मोजा. इतक्या वर्षांत झिजलं असंल. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी सुट्टीच्या दिवशी स्कूटीवरून रिह्याला गेले. रिहेकरांचं घर नवं होतं, दुमजली, आजूबाजूला पुण्याच्या लोकांची फार्महाउस. ते पुढच्या खोलीत पलंगावर बसले होते. काकांचं ट्रंपेट मी यंत्रावर तपासल्याचं आणि आताचं माझं काम ऐकल्यावर त्यांनी उशीखालून एक मखमली पिशवी काढली. बोलणं जरा घोगरं आणि ओघळलेलं होतं, पण समजत होतं.

"घ्या. मास्तरांचा हाय."

मी तो हातात घेतला. चांदीचा मुलामा, काळवंडलेला. कुणीतरी तो मेहनतीने काळवंडवला होता, कारण खाचांत काळं होतं आणि कडेला, जिथे ओठ टेकून खरा झिजायला हवा होता, तिथे तो झिजलेला नव्हता. मी टोक मोजलं. आजच्या मापाचं होतं.

सुनेने चहा आणला तेव्हा बोलता बोलता कळलं. जुनं घर पाडून हे बांधलं तेव्हा एक पत्र्याची पेटी चुकून भंगारवाल्याकडे गेली होती. मामंजींनी तेव्हा काही सांगितलं नाही, पण आठवडाभर ते भंगाराच्या दुकानांतून फिरत होते. त्या पेटीत काय होतं ते घरात कोणाला माहीत नव्हतं. मला आता माहीत झालं होतं.

सून आत गेल्यावर रिहेकरांनी विचारलं, "बसंल का?"

मी म्हटलं, "बसेल. अगदी नीट बसेल."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. चेहऱ्याची उजवी बाजू काहीतरी विचारणार होती असं वाटलं, पण त्यांनी पिशवी परत उशीखाली ठेवली.

घरी येऊन मी काकांना तेच सांगितलं. नीट बसेल. काकाही बराच वेळ बघत राहिले. त्या रविवारी त्यांनी सातव्या ट्रंपेटच्या पिस्टनना तेल घातलं.

गुरुवारी सकाळी मी रजा घेतली आणि काकांना स्कूटीवर मागे बसवून निघाले. ट्रंपेट त्यांच्या मांडीवर होतं. घोटावड्याच्या पुढे रस्ता खराब आहे. तिथे ते मला दर खड्ड्याला सावकाश म्हणत होते, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

बावीस वर्षांनी भेटलेल्या दोन माणसांनी काय बोलावं याचा मी वाटेत विचार केला होता. काका आत गेले आणि म्हणाले, "केस गेलं की तुझं." रिहेकर म्हणाले, "तू बस." एवढंच झालं.

मग रिहेकरांनी पिशवी काढली. काकांनी लुगडं सोडलं. रिहेकरांनी माउथपीस पुढे केला. काकांनी माउथपीस नळीच्या तोंडाशी नेला आणि थांबले. माझ्या लक्षात आलं, की दोघंही आता अडेल किंवा खुळखुळेल म्हणून श्वास रोखून बसले आहेत, आणि दोघांनीही त्यानंतर काय कबूल करायचं ते मनात घोळवून ठेवलं आहे.

माउथपीस आत गेला, शेवटी किंचित फिरला आणि घट्ट बसला.

काकांनी माउथपीसकडे पाहिलं. रिहेकरांनी नळीकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. मग दोघांनीही, एकाच वेळी, खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. बाहेर कोणाच्या तरी फार्महाउसचं कुंपण होतं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"वाजव," रिहेकर म्हणाले.

वरात नवरीच्या दारात पोचली की मास्तर शेवटी एक सावकाश धून वाजवत असत. काकांनी ती धरली. पहिले दोन सूर फुटले. तिसरा लागला. नंतर मात्र ते थांबले नाहीत. मला संगीतातलं फारसं कळत नाही, त्यामुळे कसं वाजवलं ते मी सांगू शकत नाही. मी रिहेकरांच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो चादरीवर होता, आणि त्याची तीन बोटं प्रत्येक सुराला बरोबर दाबत होती, उचलत होती, कुठे कुठे काकांच्या आधी. डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, ती पुसायला त्यांनी तो हात हलवला नाही. सून दाराशी येऊन उभी राहिली होती. तिने पदराने पुसली.

धून संपल्यावर काकांनी ट्रंपेट उलटं करून आतलं पाणी काढलं. रिहेकर म्हणाले, "जुन्या धातूच्या सुराला गोलाई असती."

"असती," काका म्हणाले.

"नव्या नळीतनं हे येत न्हाई."

"कुटनं येणार? आनि माउथपीसबी त्याच वक्ताचा पायजे."

"व्हय. त्याबिगार बसलाच नसता."

दोघांनीही मान हलवली. मग रिहेकर माझ्याकडे वळले. "ताई, तुमी तर यंत्रावर बगितलंय. हाय ना फरक?"

कारखान्यात मी आजवर एकही चुकीचा अहवाल दिलेला नाही. मी म्हटलं, "आहे. खूप फरक आहे."

निघताना रिहेकर म्हणाले, माउथपीस राहू दे त्यातच, मला आता काय करायचा. काकांनी तो फिरवून काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि त्यांच्या उशीखाली ठेवला. मास्तरांनी तुला दिलाय, म्हणाले, मी येत जाईन दर गुरवारी. आणि ते गेलेही. बहुतेकदा एसटीने, मला रजा मिळाली तर माझ्या स्कूटीवरून, पुढच्या पावसाळ्यात रिहेकर वारले तोवर. एकही गुरुवार त्यांनी चुकवल्याचं मला आठवत नाही.

पण हे नंतरचं. त्या पहिल्या गुरुवारी परत येताना घोटावड्याच्या फाट्यापर्यंत काका फक्त खड्ड्यांना सावकाश म्हणत आले. फाट्यावर सिग्नल नाही, तरी डंपर जाईपर्यंत थांबावं लागतं. तिथे ते मागून म्हणाले,

"माउथपीस नवा हाय त्याचा."

मी डंपरकडे बघत राहिले.

"त्याला कळू देऊ नका, मला कळलंय म्हणून. तोंड गेलं बिचाऱ्याचं. माउथपीस तरी जुना ऱ्हाऊ द्या."

मी बरं म्हटलं. डंपर गेला. स्वतःच्या नळीविषयी ते काहीच बोलले नाहीत, आणि भरे येईपर्यंत त्यांनी ट्रंपेटवरचं लुगडं दोनदा सारखं केलं.